‘मिटवून टाका’ म्हणजे मध्यस्थी नव्हे

खडकी, देहूरोड, भुसावळ, पुलगाव, देवळाली, कामठी. ज्यांचा संबंध आला नाही त्यांना ही नुसती गावांची नावं वाटतील. पण तिथे संसार केलेल्या बाईला विचारा. ती म्हणेल, आमच्या घरातलं घड्याळ म्हणजे डेपोचा नाहीतर फॅक्टरीचा भोंगा! तुमच्यापैकी कितीजणींचे ‘हे’ त्या भोंग्यावर डबा घेऊन निघतात, आणि आता तर पुष्कळजणी स्वतःच निघतात. मीही निघत होते. १९८५ साली पुण्याजवळच्या लष्कराच्या एका डेपोत कारकून म्हणून लागले आणि २०१९ साली ऑफिस सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झाले. डेपोचं नाव सांगत नाही, तुम्हीही विचारू नका. पुढे ज्यांची हकिकत येणार आहे ती माणसं मला अजून मंडईत भेटतात.

सैन्य म्हटलं की डोळ्यांपुढे जवान उभा राहतो. पण त्या जवानाला बूट, तंबू, टायर, सुटे भाग वेळेवर पोचायचे तर मागे गोदामं लागतात, आणि त्या गोदामांत कारकून, स्टोअरकीपर, सुतार, मजूर अशी साध्या कपड्यांतली पुष्कळ माणसं काम करतात. ‘डिफेन्स सिव्हिलियन’ म्हणतात त्यांना. वरचे साहेब वर्दीतले, खालची माणसं बिनवर्दीची. आणि मधे आमचे माजी सैनिक, म्हणजे फौजेतून निवृत्त होऊन पुन्हा नोकरीला लागलेले. वर्दी उतरलेली असते, आवाज तसाच असतो.

एवढी माणसं दिवसाचे आठ-नऊ तास एकत्र म्हटल्यावर कुरबुरी होणारच. पंख्याखालची खुर्ची, गणपतीची रजा, ओव्हरटाइमची यादी, कुणी कुणाला ‘अगं’ म्हटलं, काहीही पुरतं. शाळेत नाहीतर बँकेत असलं भांडण दोन दिवस अबोला धरून विरून जातं. लष्करी कचेरीत ते विरत नाही. तिथे प्रत्येक गोष्ट लेखी, आणि लेखी झालेली प्रत्येक गोष्ट वर जाणार. आधी मेमो येतो. मग ‘तीन दिवसांत खुलासा करा’. मग शो-कॉज. आणि १९६५ च्या शिस्तविषयक नियमांखाली एकदा आरोपपत्र हातात पडलं, की नुसत्या ताकिदीपासून वेतनवाढ रोखण्यापर्यंत आणि थेट नोकरी जाण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. गंमत अशी, की ज्या पंख्यावरून सुरुवात झाली त्या पंख्याचा त्या जाडजूड फायलीत उल्लेखही नसतो.

म्हणून मग शहाणी माणसं सल्ला देतात, ‘मिटवून टाका.’

ह्या दोन शब्दांची मला मनस्वी चीड आहे. तुम्हालाही असेल. सासरी काही झालं की माहेरची माणसं हेच म्हणतात ना? ‘जाऊ दे, मिटवून टाक.’ त्याचा अर्थ काय, तर ज्याचा आवाज लहान त्याने गप्प बसायचं आणि मोठ्या आवाजाच्या माणसाने उपकार केल्यासारखं तोंड करायचं. कचेरीत हाच प्रकार साहेबांच्या केबिनमध्ये होतो. दोघांना उभं करतात, ‘हात मिळवा’ म्हणतात, दोघं हात मिळवतात आणि बाहेर येऊन पुन्हा दात-ओठ खातात. ह्याला लोक मध्यस्थी म्हणतात! मी माझ्या नोकरीत सहा-सात वेळा खरी मध्यस्थी जुळवून आणली. मुलीच्या लग्नाइतकी खटपट असते तिला. त्यातली एक सविस्तर सांगते.

२०१६ सालची गोष्ट. आमच्या एका शेडमध्ये एक तरुण बाई अनुकंपा तत्त्वावर कारकून म्हणून लागली होती. तिचा नवरा आमच्याच डेपोत होता. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेला. पदरात चार वर्षांचा मुलगा, घरी सासूबाई. अशी नोकरी देताना हमीपत्र लिहून घेतात, की गेलेल्या माणसावर अवलंबून असलेल्यांना मी सांभाळीन. तेही तिने लिहून दिलं होतं. तिचं दोन वर्षांचं प्रोबेशन चालू होतं आणि त्यातले सात महिने उरले होते. हे सात महिने ध्यानात ठेवा. प्रोबेशनवरच्या माणसाला घरी पाठवायला मोठी चौकशी लागतेच असं नाही. ‘काम समाधानकारक नाही’ एवढा शेरा घात करू शकतो.

शेडचे इनचार्ज एक माजी सुभेदार. सगळे त्यांना सुभेदारसाहेबच म्हणत. माणूस सचोटीचा. त्यांच्या शेडमध्ये मोजणीला कधी एक खिळा कमी भरला नाही. पण बोलणं परेड ग्राउंडवरचं. ‘जरा फाइल देता का?’ हे वाक्य त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

भांडण संध्याकाळचं होतं. दिवसभरात जेवढा माल बाहेर गेला त्याची व्हाउचरं लेजरला चढवायची, बाकी जुळवायची, मग शेडला कुलूप, कुलपावर लाखेचं सील, आणि किल्ली गार्डरूममध्ये जमा करून सही. हे झाल्याशिवाय इनचार्जचा पाय गेटबाहेर पडत नाही. आणि ही बाई पाच वाजले की पर्स उचलायची, कारण साडेपाचला पाळणाघर बंद. शेवटच्या दोन ट्रकांची व्हाउचरं तिच्या टेबलावर तशीच राहायची. एके दिवशी सुभेदारसाहेब सगळ्या मजुरांसमोर कडाडले, ‘वहिनी, ही काय धर्मशाळा आहे?’ तीही उलटली, ‘माझी वेळ संपली. तुम्ही मला विकत घेतलेलं नाही.’

झालं! दुसऱ्या दिवशी त्यांचा रिपोर्ट गेला: परवानगीशिवाय जागा सोडते, वरिष्ठांशी उद्धटपणे बोलते. तिचाही अर्ज गेला: चारचौघांत अपमान करतात. दोन्ही कागद एकाच फोल्डरमध्ये बसून वर निघाले.

आता सल्लागार बघा. दीर म्हणाला, पाय धर पण नोकरी सांभाळ. युनियनचे एक पुढारी म्हणाले, आपण गेटवर सभाच घेऊ. आणखी एका महाभागाने तिला सांगितलं, अर्जात असं काहीतरी घाल की साहेबांची झोप उडेल, बाईमाणसावर कोण अविश्वास दाखवणार? त्यावर ती मला काय म्हणाली ते लिहून ठेवण्यासारखं आहे. ‘ताई, ते ओरडतात हे खरं. पण त्यांची नजर बापाची आहे. जे घडलं नाही ते मी लिहिणार नाही.’

मी तेव्हा वर्क्स कमिटीवर निवडून आलेली होते. ही कमिटी म्हणजे निम्मे व्यवस्थापनाचे आणि निम्मे कामगारांचे प्रतिनिधी. शंभर किंवा जास्त कामगार असतील तिथे ती नेमण्याची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, आणि रोजच्या कुरबुरी वाढू न देणं हे तिचं काम. (त्या कायद्याच्या जागी आलेली २०२० ची संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. ही कमिटी तिच्यातही आहे. शिवाय वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी, आणि कामगारांत बायकांचं जेवढं प्रमाण तेवढं तरी तिच्यावर असायला हवं असं त्यात म्हटलं आहे. आपल्या यजमानांच्या कारखान्यात ती आहे का, विचारून बघा.) साहजिकच सगळे मला म्हणाले, बाई, तुम्हीच मधे पडा.

मी नाही म्हटलं. का, ते सांगते. ती बाई मला ताई म्हणत होती. माझ्या डब्यातली भाजी तिच्या डब्यात जात होती. सुभेदारसाहेबांनी माझ्यावर विश्वास कशाला ठेवावा? लग्न जुळवणारी बाई मुलीची मावशी असली तरी चालते, पण दोन्ही घरांच्या देण्याघेण्यावर बोलायला तिसराच माणूस लागतो. मध्यस्थी जुळवणारा वेगळा आणि मध्यस्थ वेगळा. मी जुळवायचं काम पत्करलं.

आधी गेले ॲडमिन ऑफिसरकडे. मेजर होते, वयाने माझ्या मुलाएवढे. मी म्हटलं, हे दोन्ही कागद पंधरा दिवस तुमच्या ड्रॉवरमध्ये राहू द्या. ते हसले. ‘मॅडम, फौज में बीचबचाव नहीं होता, ऑर्डर होता है.’ मी म्हटलं, ‘साहेब, ऑर्डर दिलीत तर दोघं मान्य करतील, पण उद्या पाच वाजता व्हाउचरं टेबलावर तशीच राहतील.’ हे त्यांना पटलं. पंधरा दिवस मिळाले. शिवाय मी आणखी एक वचन घेतलं: ज्या दिवशी बैठक होईल त्या दिवशी साहेबांनी फोनवर सापडायचं. कारण कामाच्या वेळा, माणसांची अदलाबदल हे सगळं त्यांच्या हातात. दोघांनी आत बसून काहीही ठरवलं आणि वरून ‘नाही’ आलं, तर पुन्हा म्हणून कुणी बोलायला बसत नाही.

मग सुभेदारसाहेबांच्या घरी गेले. मुद्दाम घरी. कचेरीत ते खुर्चीवरून बोलले असते. त्यांच्या पत्नीने चहा केला आणि आतूनच म्हणाल्या, ‘घरीही असेच ओरडतात हो, आम्ही कुणाला रिपोर्ट करायचा?’ त्यावर ते सुद्धा जरा ओशाळले. पण मूळ मुद्द्यावर घट्ट. ‘मी काय गुन्हा केला म्हणून पंचायतीपुढे उभा राहू?’ मी त्यांना समजावलं की पंचायत निकाल देते, इथे निकाल देणारं कुणी नसेल. कुणी कुणाला दोषी ठरवणार नाही. पटलं नाही तर अर्ध्यातून उठून जा, तुमचा रिपोर्ट जिथे आहे तिथून पुढे जाईल. तिलाही हेच शब्द सांगितले. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगितलं की संपलंच.

मध्यस्थ शोधणं सर्वांत कठीण. आमच्या डेपोतलं कुणीही चालणार नव्हतं. इथे प्रत्येकजण कुणाच्या तरी हाताखाली किंवा कुणाच्या तरी डोक्यावर असतो. वर्दीतला अधिकारी तर नकोच. त्याच्यासमोर सुभेदारसाहेब ताठ उभे राहून ‘जी साब’ म्हणणार आणि आमची बाई रडणार, दोन्हींतून निष्पन्न काही नाही. शेवटी हिशेब खात्यातले एक निवृत्त गृहस्थ सापडले. त्यांच्यावर दोघांचाही आक्षेप नव्हता. हिशेब खात्याची माणसं सगळ्यांनाच सारखी नावडती असतात, हा त्यांचा मोठा गुण! पण विनोद सोडा. गृहस्थ मितभाषी होते, ऐकून घेणारे होते, आणि त्यांना ह्या दोघांकडून काही मिळवायचं नव्हतं. बाहेरचा माणूस म्हणून त्यांचा गेटपास काढायलाच दोन दिवस गेले.

जागा. तुम्हाला वाटेल ह्यात काय मोठंसं. अहो, लष्करी संस्थेत खुर्ची म्हणजे हुद्दा! हाताची खुर्ची कुणाला, बिनहाताची कुणाला, सगळं ठरलेलं. आम्ही ट्रेनिंगची खोली घेतली, मोठं टेबल भिंतीला सरकवलं, कॅन्टीनमधून एकसारख्या तीन खुर्च्या आणल्या आणि गोल मांडल्या. शेजारी एक तांब्या आणि तीन पेले. वेळ सकाळी अकराची, मंगळवारी. संध्याकाळ टाळली, कारण पाळणाघराची घाई डोक्यावर घेऊन कुणी मोकळं बोलत नाही. जेवणाची सुट्टी टाळली, कारण त्या वेळी खिडक्यांना कान फुटतात. आणि बैठक कामाच्या वेळेतच धरायची हे मेजरसाहेबांकडून आधी मान्य करून घेतलं, नाहीतर एवढ्यासाठी रजा टाकावी लागली असती.

मी आत नव्हते. दाराबाहेर स्टुलावर विणकाम घेऊन बसले होते, कुणी मधेच डोकावू नये म्हणून. आत कुणी काही लिहून घेणार नाही आणि इथलं बोलणं पुढे चौकशीत वापरणार नाही, असं दोघांनी आधी कबूल केलं होतं. जे सांगते आहे ते त्या दोघांनी पुढे आपणहून सांगितलं म्हणून, आणि लिहिण्याआधी मी दोघांचीही परवानगी घेतली आहे.

पहिली चाळीस मिनिटं नुसता धुरळा. तारीखवार उणीदुणी. मध्यस्थांनी ते होऊ दिलं. मग दोघांना वेगवेगळं घेऊन एकच प्रश्न विचारला: उद्या सकाळी काय वेगळं झालं तर तुम्हाला बरं वाटेल?

सुभेदारसाहेबांना वाटत होतं ती म्हणेल, पाच वाजता सोडा. ती म्हणाली, ‘मला वहिनी म्हणू नका.’

मैत्रिणींनो, हे ऐकून तेही गप्प झाले आणि नंतर कळल्यावर मीही. सगळा डेपो तिला वहिनी म्हणत होता. नवरा आमच्यातला, म्हणून ती वहिनी. ह्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. सुभेदारसाहेब म्हणाले, सहकाऱ्याच्या बायकोला भाभी म्हणतात, आमच्या फौजेत त्याहून मोठा मान नाही. तिचं उत्तर असं होतं: ‘हजेरीपटावर माझं नाव आहे. वहिनी म्हटलं की मी इथे त्यांच्या जागी बसवलेली दिसते. आणि ओरडा खायची वेळ आली की मात्र मी कारकून.’

मग त्यांचं निघालं. फौजेत असताना एका स्टोअरमध्ये दुसऱ्याच्या अर्धवट नोंदीपायी मालाची तूट त्यांच्या नावावर आली होती. सहा महिने चौकशी चालली, पुढे सुटले. पण तेव्हापासून न चढवलेलं व्हाउचर बघितलं की ह्या गृहस्थांच्या पोटात गोळा येतो. शेडला सील लावून घरी गेल्यावरसुद्धा रात्री उठून बसतात. ओरडतात ते ह्या भीतीने. हे त्यांनी आपल्या बायकोलाही सांगितलं नव्हतं.

सांगा बरं, कुठल्या रिपोर्टात आलं असतं हे? कुठल्या खुलाशात? चौकशी झाली असती तर ‘दिनांक अमुक रोजी पाच वाजून दोन मिनिटांनी जागा सोडली, हे खरे आहे काय?’ एवढंच विचारलं गेलं असतं.

त्यानंतरचं काम फार वेळ चाललं नाही. शेवटचा ट्रक चारच्या आत भरायचा. तातडीचा असला तर त्याची नोंद स्टोअरकीपर करील. ह्याला मेजरसाहेबांची मान्यता हवी होती. फोन लावला, दोन मिनिटांत ‘ठीक है’ आलं. तिच्या बाजूने असं ठरलं की चारपर्यंतचं प्रत्येक व्हाउचर चढवून बाकी जुळवल्याशिवाय ती उठणार नाही, आणि महिनाअखेरच्या मोजणीला सहापर्यंत थांबेल, मात्र आदल्या दिवशी सांगायचं, म्हणजे सासूबाई मुलाला आणतील. जे बोलायचं ते टेबलाशी बोलायचं, मजुरांसमोर नाही, हे दोघांनाही लागू. आणि हाक नावाने, पुढे ‘मॅडम’. एका पानावर साध्या मराठीत लिहिलं, दोघांनी सह्या केल्या, आणि आपापला कागद मागे घेत असल्याच्या दोन-दोन ओळी वेगळ्या लिहून दिल्या. माफी कुणी मागितली नाही. कुणाला मागायला लावलीही नाही.

गोड शेवटाची अपेक्षा असेल तर निराश व्हाल. दोघांत माया वगैरे काही उपजली नाही. दोन महिन्यांनी एका सुट्टीवरून पुन्हा खटका उडाला, पण तो टेबलाशीच संपला. सुभेदारसाहेबांचा आवाजही होता तसाच राहिला, फक्त तो ट्रक-ड्रायव्हरांच्या वाट्याला जाऊ लागला. सात महिन्यांनी तिचं प्रोबेशन पुरं झालं. फायलीत तिच्याविरुद्ध एक ओळ नव्हती.

आता दुसरी बाजू, आणि ही नीट वाचा. प्रत्येक तंट्यात मध्यस्थी जुळवायची नसते.

आमच्याकडे कंत्राटावर झाडलोट करणाऱ्या एका मुलीला एक वरच्या हुद्द्याचा माणूस त्रास देत होता. कसला, ते तुम्ही ओळखलं असेल. तेव्हा मात्र सगळ्यांना एकदम मध्यस्थीची आठवण झाली! ‘बाई, तुम्ही इतक्या छान बैठका घेता, हेही शांतपणे बसून मिटवा, मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे.’ मी स्पष्ट सांगितलं, मी खुर्च्या मांडणार नाही. ज्याच्यापुढे जायची भीती वाटते त्याच्यासमोर तिला गोल करून बसवायचं? त्यासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसं असतील त्या प्रत्येक कचेरीत अंतर्गत समिती हवी, आणि कंत्राटावरच्या बाईलाही तिच्याकडे जाता येतं. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. त्या कायद्यातही समेटाची वाट आहे, पण ती चौकशी सुरू होण्याआधी आणि फक्त त्या बाईने स्वतः मागितली तरच. आणि पैसे देऊन समेट करता येत नाही. ही अट कुणी घातली त्याला बायकांचं जग ठाऊक असलं पाहिजे! चौकशी चालू असेतो तिला दुसरीकडे बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. त्या मुलीने तक्रार दिली, चौकशी झाली, आणि तो माणूस गेला. मुलगी तिथेच राहिली. तिचं लग्नही झालं, मी जेवून आले.

चोरी, खोटी सही, दारू पिऊन यंत्रावर उभं राहणं, असल्या गोष्टीही मध्यस्थीच्या नव्हेत. दारूगोळ्याच्या जागी तर एकाच्या चुकीत दहाजणांचा जीव जातो. तिथे ‘समजून घ्या’ म्हणायची सोय नाही.

आणि ज्यांचे यजमान प्रत्यक्ष वर्दीत आहेत त्यांनी हा लेख वाचून त्यांना ‘मध्यस्थ मागा’ म्हणू नये. फौजेत युनियन नाही, कमिटी नाही. जवानाने आणि अधिकाऱ्याने आपलं गाऱ्हाणं वर कसं न्यायचं ते १९५० च्या लष्कर कायद्यात सव्वीस आणि सत्तावीस ह्या कलमांत सांगितलं आहे, आणि २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरणही झालं आहे. त्यांची वाट ती.

माझी भाची अमेरिकेत व्हर्जिनियात आरमाराच्या एका तळावर अशीच बिनवर्दीची नोकरी करते. तिला मी ही आमची तीन खुर्च्यांची गोष्ट सांगितली तर म्हणाली, ‘मावशी, आमच्याकडे ह्याचं खातंच आहे!’ सरकारी कचेऱ्यांतल्या तंट्यांसाठी तिथे १९९० साली कायदा झाला, १९९६ मध्ये तो कायमचा केला. भेदभावाची तक्रार असेल तर ४५ दिवसांच्या आत नेमलेल्या सल्लागाराला गाठायचं. तो एरवी ३० दिवसांत काम आटोपतो, मध्यस्थी पत्करली तर मुदत ९० दिवसांपर्यंत जाते. जुळलं नाही तर पुढे तक्रार करायचा हक्क शाबूत. मध्यस्थ त्याच कचेरीतला नसतो, आणि आतलं बोलणं गुप्त ठेवायला तो कायद्याने बांधलेला. एक गोष्ट मला फारच आवडली. तडजोडीला ‘हो’ म्हणायचा अधिकार असलेला साहेब हाताशी असावा लागतो, आणि ज्याच्यामुळे तक्रार झाली तोच तो साहेब असून चालत नाही. मी मेजरसाहेबांकडून फोनचं वचन घेतलं होतं ते आठवतं ना? तिकडेही वर्दीतल्यांना मात्र ही वाट नाही.

आपल्याकडे असं खातं नसलं म्हणून अडत नाही. वर्क्स कमिटी, तक्रार समिती, नाहीतर एखादा समजूतदार ॲडमिन ऑफिसर, कुठूनही सुरुवात करता येते. सुरुवात लवकर करा एवढंच. कागद वर जाऊन त्यावर दोन साहेबांचे शेरे पडले की तो मागे घेणं दोघांच्याही हातात राहत नाही. अर्ज चार ओळींचा पुरे: अमक्याशी कामाच्या वेळेवरून मतभेद आहे, दोघांना मान्य अशा बाहेरच्या माणसासमोर बोलायची माझी तयारी आहे, तोवर दोन्ही बाजूंच्या कागदांवर कारवाई थांबवावी ही विनंती. समोरच्याच्या स्वभावाबद्दल त्यात एक शब्द नको. तारीख घाला, आवक कारकुनाचा शिक्का मारलेली प्रत घरी डब्यात ठेवा. आणि इंग्रजी येत नाही म्हणून अडून बसू नका. गाऱ्हाणं घेऊन कुठल्याही सरकारी अधिकाऱ्याकडे जाताना अर्ज देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत करता येतो, असं घटनेच्या ३५० व्या कलमातच लिहिलेलं आहे. आमच्या त्या बाईने आपला अर्ज मराठीतच केला होता, तोही मुलाच्या वहीचं पान फाडून.